रूळ की चाक? खाडीलगतच्या एका सोसायटीतल्या हादऱ्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यातल्या खाडीलगतच्या एका उपनगरात, रेल्वेमार्गाला समांतर अशी दोन विंगची गृहनिर्माण सोसायटी आहे. तळमजला अधिक चार मजले, बांधकाम आरसीसीचं, १९८० च्या दशकातलं. ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे उघडी गटार, त्यापलीकडे खडी आणि रूळ. बी विंगच्या जोत्यापासून सगळ्यात जवळचा मार्ग जलद लोकलचा डाऊन, सुमारे २२ मीटरवर. मालगाड्याही याच पट्ट्यातून जातात, बहुतेक रात्री, लोकल थंडावल्या की.

जमिनीबद्दल आधी सांगायला हवं, कारण निम्मं प्रकरण तिथे आहे. वर दोन-अडीच मीटर भराव, त्याखाली खाडीची काळसर मऊ चिकणमाती, आणि बऱ्याच खाली मुरूम व खडक. पाणी दीड मीटरवर लागतं, पावसाळ्यात त्याहूनही वर येतं. अशा मातीत कंपनाची लाट संथ चालते, सेकंदाला साधारण १०० मीटर. डेक्कनच्या काळ्या पाषाणात ती याच्या कितीतरी पट वेगाने पळते. लाट संथ असली की धक्का देणारी ऊर्जा पृष्ठभागाजवळ राहते आणि कमी वारंवारतेचा हादरा दूरवर पोचतो. हीच सोसायटी पाच-सात किलोमीटर पलीकडे, खडकावर असती तर बहुधा हे प्रकरण उभंच राहिलं नसतं.

तक्रार

इथले रहिवासी तीस-पस्तीस वर्षं रुळाच्या शेजारी राहिलेले. गाडी गेलेली त्यांच्या कानाला कळायचीही नाही. त्यामुळे ‘गाड्यांचा त्रास होतो’ असं जेव्हा तेच म्हणू लागले तेव्हा ते गांभीर्यानेच घ्यायला हवं होतं. तक्रार आवाजाची नव्हतीच. मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांवर वाजायचे, देव्हाऱ्यातली घंटा किणकिणायची, आणि बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी सांगायच्या की पहाटे अडीच-पावणेतीनला पलंग हलून जाग येते.

त्यातच जिन्याच्या भिंतीला, गच्चीच्या कठड्याला आणि काही हॉलमध्ये भेगा दिसल्या. भेग आणि हादरा एकाच काळात दिसले की माणूस दोन्हींची सांगड घालणारच. भीतीही खरी होती. २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ इमारत कोसळून ७० हून अधिक माणसं गेली, हे या भागातला कुणी विसरलेला नाही. सोसायटीच्या सभेत ‘आपली इमारत गाड्यांमुळे पडणार’ हे वाक्य उघडपणे बोललं जाऊ लागलं होतं.

पहिला निर्णय: आधी प्लास्टर

कमिटीने पहिलं काम काढलं ते भेगा बुजवण्याचं. व्ही आकाराची खाच करून पॉलिमर मॉर्टर भरलं, वर रंग दिला. खर्च सिंकिंग फंडातून झाला. पुढच्या मे महिन्यात त्यातल्या बऱ्याच भेगा पुन्हा उघडल्या, आणि ‘गाड्यांनीच उघडल्या’ ही समजूत आणखी पक्की झाली.

हा क्रम उलटा होता. भेग बुजवण्याआधी ती कशाने पडते आणि अजून हलते आहे का, हे पाहायला हवं होतं. त्याला महागडं काही लागत नाही. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही टोकांना चिकटवायची, तारीख लिहायची आणि थांबायचं. भेग रुंदावली तर काच तडकते. मी सल्लागार म्हणून आल्यावर आम्ही हेच केलं. रोज शेकडो गाड्या जात असताना जिन्यातल्या काचा महिनोन्‌महिने शाबूत राहिल्या. तडकल्या त्या गच्चीच्या कठड्याजवळच्या, ऐन उन्हाळ्यात, आणि एक तळमजल्यावरची, जिथे ग्रिल लावून खोली पुढे वाढवली होती आणि वाढवलेल्या भागाचा पाया मूळ पायाला जोडलेलाच नव्हता.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करावं असं आदर्श उपविधी सांगतात. इथलं ऑडिट रखडलं होतं. ते झालं तेव्हा कळलं की खांबांच्या तळाशी आणि संडास-बाथरूमच्या स्लॅबमध्ये सळया गंजल्या आहेत आणि गंज फुगल्यामुळे काँक्रीट सुटतं आहे.

दुसरा निर्णय: पहिला अहवाल स्वीकारायचा का?

दरम्यान सोसायटीने एका संस्थेकडून कंपनाची मोजणी करून घेतली होती. अहवाल तीन पानांचा. त्यातला मुख्य निष्कर्ष असा: लोकल जाताना जमिनीतले ठोके सेकंदाला साधारण पावणेसात वेळा येतात. लोकलच्या नव्या चाकाचा व्यास ९५२ मिलिमीटर, म्हणजे परीघ जवळपास ३ मीटर. ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने जाणाऱ्या गाडीचं चाक सेकंदात पावणेसात फेऱ्या घेतं. हिशेब जुळला, म्हणून दोष चाकांचा आणि उपाय कारशेडमध्ये. कमिटीने कारशेडला नोटीस पाठवायचा मसुदाही तयार ठेवला होता.

सल्ल्यासाठी कागद माझ्याकडे आले ते या टप्प्यावर. हिशेब चुकलेला नव्हता, पण अपुरा होता. लोकलच्या प्रत्येक डब्याखाली दोन बोगी असतात, म्हणजे चाकं बसवलेल्या चौकटी. एका बोगीतल्या दोन आसांमधलं, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या दांड्यांमधलं, अंतर २.८९६ मीटर असतं. रुळात एकाच जागी खड्डा किंवा खचलेला सांधा असला तर बोगीचं पुढचं चाक तिथे आपटतं आणि तेवढं अंतर कापून मागचं चाक आपटतं. सेकंदाला २० मीटरने हे दोन ठोके ०.१४५ सेकंदाच्या अंतराने पडतात. चाकातच दोष असेल तर ठोके ०.१५ सेकंदाच्या अंतराने पडतात. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागातला. त्यातही चाक झिजतं आणि लेथवर खरवडलं जातं. त्याचा व्यास ९२२ मिलिमीटरच्या आसपास आला की परीघ आणि बोगीतलं अंतर एकच होतं. म्हणजे नुसती वारंवारता पाहून लोकलच्या बाबतीत चाक की रूळ हे ठरवताच येत नाही.

फरक दिसतो तो ठोक्यांच्या मांडणीत. सदोष चाक गाडीबरोबर प्रवास करतं. त्यामुळे त्याचे ठोके सारख्या अंतराने, अखंड येतात, चाक जवळ येईल तसे वाढतात आणि दूर गेलं की विरतात. गाडीत एकच चाक खराब असेल तर बाकी डबे शांत जातात. रुळाचा दोष जागचा हलत नाही. प्रत्येक आस तिथे येऊन आपटतो, म्हणून ठोके जोडीजोडीने येतात: दोन ठोके, मोकळी जागा, पुन्हा दोन. बारा डब्यांच्या लोकलला ४८ आस असतात. ठोके मोजून ४८ च्या आसपास भरले, प्रत्येक जवळपास तेवढ्याच जोराचा असला आणि प्रत्येक लोकलला तेच घडलं, तर तो रूळच.

नोटीस थांबवावी असं मी सुचवलं. कमिटीतल्या काहींना ते पटलं नाही. त्यांच्या मते सगळीकडे वेळकाढूपणाच चालतो. त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण चुकीच्या खात्याला नोटीस गेली असती तर उत्तर येणार होतं की आमची चाकं मर्यादेत आहेत, आणि ते उत्तर खरंही असतं. रेल्वेत चाकं एका खात्याकडे, रूळ दुसऱ्याकडे, सिग्नल तिसऱ्याकडे. दोष कुणाच्या दारात ठेवायचा हे आधी ठरलं नाही तर कागद वर्षानुवर्षं फिरत राहतो.

मोजणी आणि आजींची वही

नवी मोजणी दोन्ही विंगच्या जोत्यावर एकाच वेळी केली, म्हणजे ठोका कुठून येतो हे दोन यंत्रांच्या तुलनेत कळावं. शिवाय घरांतल्या स्लॅबच्या मधोमध यंत्र ठेवलं. पण यंत्राच्या आधी कामी आली ती एक वही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी झोप उडाली की वेळ लिहून ठेवत होत्या. त्यांना रकाने आखून दिले: वेळ, कोणत्या बाजूची गाडी, लोकल की मेल की मालगाडी, हादरा एकच की पूर्ण गाडीभर, डबे वाजले का. ए विंगमधल्या एका काकांनी तशीच वही ठेवली.

दोन वह्या शेजारी ठेवल्यावर प्रश्नाचे दोन तुकडे पडले. दिवसा बी विंगला डाऊन जलद मार्गावरची जवळजवळ प्रत्येक गाडी जाणवत होती. ए विंगला ती क्वचितच जाणवे. रात्री मात्र काही ठरावीक मालगाड्या दोन्ही विंगना सारख्याच हलवत होत्या, आणि बाकीच्या मालगाड्या कुणालाच जागं करत नव्हत्या.

आलेखांनी हेच सांगितलं. दिवसाच्या लोकलचे ठोके जोडीजोडीने, आसांच्या संख्येइतके, बी विंगजवळच्या एकाच बिंदूतून येत होते. रात्रीच्या एका कंटेनर गाडीत वेगळंच दिसलं. कंटेनर वाहणाऱ्या सपाट डब्यांची चाकं लहान असतात, नवी ८४० मिलिमीटरची, परीघ २.६४ मीटर. बोगीतलं अंतर मात्र २ मीटर. ताशी ५४ किलोमीटरला रुळाचा दोष सेकंदाला साडेसात ठोक्यांच्या लयीत दिसला असता आणि चाकाचा ५.७ च्या. आलेखात ५.७ होते, अखंड, आणि गाडीच्या मधल्या भागात सर्वांत मोठे. लोकलच्या बाबतीत जे ठरवता येत नव्हतं ते मालगाडीच्या बाबतीत लयीवरूनच ठरलं.

आता आकडे. डाऊन जलद लोकल जाताना जोतं वर-खाली हलण्याचा कमाल वेग साधारण ०.८ मिलिमीटर प्रति सेकंद. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या मध्यावर २ च्या आसपास. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मात्र २.९, आणि इमारतीतल्या सगळ्यात तीव्र तक्रारी त्याच घरातून होत्या. तिथे हॉल मोठा दिसावा म्हणून स्वयंपाकघराची पाच इंची भिंत काढली होती. ती भिंत वजन पेलणारी नव्हती, पण स्लॅबचं कंपन दाबून धरायचं काम ती करत होती. ती गेल्यावर स्लॅब सेकंदाला बारा वेळांच्या आसपास थरथरायला मोकळा झाला, आणि लोकलच्या ठोक्यांतली बरीच ऊर्जा नेमकी त्याच पट्ट्यात होती.

हे आकडे कशाशी ताडायचे? ब्रिटिश मानक बीएस ५२२८ नुसार घरात ०.३ मिलिमीटर प्रति सेकंदाला कंपन जेमतेम जाणवतं आणि १ च्या आसपास तक्रारी येतात. इमारतीला इजा व्हायला याच्या कितीतरी पुढे जावं लागतं. जर्मन डीआयएन ४१५० राहत्या घरांच्या पायाशी, दहा हर्ट्झखालच्या (सेकंदाला दहापेक्षा कमी वेळा होणाऱ्या) अल्पकालीन कंपनासाठी ५ मिलिमीटर प्रति सेकंद ही मर्यादा देतं. इथे जोत्यावर त्याच्या पाचवा हिस्साही नव्हता. त्रास खरा होता आणि मोजण्याइतका होता. भेगा मात्र गाड्यांच्या नव्हत्या.

हे सर्वसाधारण सभेत सांगणं या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम होतं. ‘म्हणजे तुम्ही रेल्वेच्या बाजूने आहात’ असं एक जण उठून म्हणालाच. सचिवांनी तेव्हा काचपट्ट्यांचे तारखांसह फोटो पडद्यावर दाखवले. वाद तिथेच संपला नाही, पण गंजलेल्या सळयांच्या दुरुस्तीचा ठराव त्याच सभेत मंजूर झाला. माझ्या दृष्टीने या घराघरातल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तोच ठराव सगळ्यात मोलाचा होता.

रुळावर नेमकं काय होतं

संयुक्त पाहणीची विनंती अभियांत्रिकी शाखेकडे गेली, सोबत आलेख आणि वह्यांची पानं. पर्मनंट वे, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या विभागाचे पर्यवेक्षक आणि त्या पट्ट्याचा कीमन, म्हणजे रूळ पायी तपासणारा कर्मचारी, बी विंगच्या समोर आले. दोष शोधावा लागलाच नाही. तिथे सिग्नलच्या ट्रॅक सर्किटसाठीचा (रुळातल्या विजेवरून गाडी ओळखणाऱ्या यंत्रणेसाठीचा) ग्लूड जॉइंट होता, म्हणजे विजेचा प्रवाह तोडण्यासाठी रुळाची दोन टोकं मध्ये इन्सुलेशन घालून चिकटवलेला सांधा. दोन्ही टोकं ठोके खाऊन दबली होती. एक मीटरची सरळ पट्टी ठेवल्यावर मधे प्रकाश दिसत होता. खालचे दोन स्लीपर लोंबकळत होते: गाडी आली की खाली जात, गेली की उचलले जात. त्यांच्याभोवतीची खडी पांढुरक्या भुकटीने माखलेली आणि तळातून राखाडी चिखल वर आलेला.

“साहेब, आम्ही हा जॉइंट सारखा पॅक करतो, खाली खडी ठोकून भरतो,” कीमन म्हणाला, “पण खाली चिखलच आहे. आठ दिवसांत परत बसतो. पाणी जायला जागाच नाही.”

पाण्याला जागा का नव्हती, हे कंपाउंडच्या भिंतीवरून वाकून पाहिल्यावर दिसलं. भिंतीपलीकडची गटार प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या आणि बांधकामाच्या राबिटाने, म्हणजे राड्यारोड्याने, तुडुंब भरली होती. राबिट शेजारच्या इमारतींचं होतं तसं या सोसायटीतल्या नूतनीकरणाचंही होतं.

सांधा खचला की चाक त्यावरून जाताना दोनदा बल येतं. पहिला तडाखा क्षणभराचा, चाक आणि रुळाच्या स्पर्शापुरता. दुसरा त्यापाठोपाठ, थोडा रेंगाळणारा. रेल्वे अभियंते त्यांना पी-वन आणि पी-टू म्हणतात. खडी चुरडणारा आणि जमिनीत उतरणारा तो पी-टू. खचण्याचा कोन, गाडीचा वेग आणि स्प्रिंगच्या खालचं वजन वाढेल तसा तो वाढतो. जिथे मोटर थेट आसावर टांगलेली असते तिथे हे वजन बरंच असतं. तडाख्याने खडी चुरडते, भुकटीत पाणी मिसळून चिखल होतो, स्लीपरचा आधार जातो, सांधा आणखी खचतो आणि पुढचा तडाखा मोठा बसतो. एकदा हे चक्र सुरू झालं की नुसतं पॅकिंग करून ते तुटत नाही.

चाकाचा दोष वेगळ्या रीतीने जन्मतो. ब्रेक पकडून बसला, किंवा यार्डात उभ्या डब्याचा हँडब्रेक सोडायचा राहिला, तर चाक फिरण्याऐवजी रुळावर घासत जातं. स्पर्शाची जागा क्षणात सातशे-आठशे अंशांच्या पलीकडे तापते आणि चाकाचं थंड वस्तुमान ती तितक्याच झटक्यात थंड करतं. तिथलं पोलाद कडक पण ठिसूळ होतं आणि पुढे त्याचे टवके उडतात. भारतीय रेल्वेत मालडब्याच्या चाकावर ६० मिलिमीटरपर्यंतचा आणि प्रवासी डब्याच्या चाकावर ५० मिलिमीटरपर्यंतचा सपाट डाग चालवून घेतला जातो. १ मीटर व्यासाच्या चाकावर ६० मिलिमीटरचा डाग म्हणजे खोली जेमतेम ०.९ मिलिमीटर. नजरेला काहीच नाही, पण मऊ जमिनीवरच्या शेजाऱ्यांना पुरेसं आहे. काही दिवस धावल्यावर डागाच्या कडा गुळगुळीत होतात आणि टकटक आवाज कमी होतो. पसरट झालेला खोलगट भाग मात्र राहतो. म्हणून आजींच्या वहीत ‘आवाज नाही, पलंग हलला’ अशी नोंद असू शकते, आणि ती होती.

कोणते पर्याय तोलले

उच्च न्यायालयात जाण्याचा पर्याय पहिल्यापासून टेबलावर होता. तो सोडला नाही, फक्त मागे ठेवला, कारण हातातल्या आकड्यांवरून इमारतीला धोका सिद्ध होत नव्हता आणि रेल्वेने दोष पाहण्याआधीच नकार दिलेला नव्हता.

रूळ आणि इमारत यांच्यामध्ये खोल चर खणायची, ही सूचना एका रहिवाशाने इंटरनेटवर वाचून आणली होती. कल्पना शास्त्रीय आहे. पण चर उपयोगी पडायला तिची खोली लाटेच्या लांबीच्या निदान ०.६ पट लागते. इथल्या मातीत १५ हर्ट्झची लाट पावणेसात मीटरची, म्हणजे चर ४ मीटर. ६ हर्ट्झ धरले तर लाट साडेसोळा मीटरची आणि चर १० मीटर. खाडीच्या गाळात, दीड मीटरवर पाणी असताना, चालत्या रुळाशेजारी एवढी चर उघडी ठेवणं म्हणजे रूळ आणि कंपाउंडची भिंत दोन्ही घसरवण्याची तयारी.

स्लीपरखाली रबरी गाद्या घालण्याचाही विचार झाला. त्या साधारण तीस हर्ट्झच्या वर चांगलं काम करतात. आमचा त्रास त्याच्या खाली होता.

सांधाच काढून टाकता येईल का? ट्रॅक सर्किटऐवजी आस मोजून गाडी ओळखणारा ॲक्सल काउंटर असेल तर इन्सुलेटेड सांध्याची गरज उरत नाही. पण तो सिग्नल यंत्रणेचा मोठा निर्णय, एका सोसायटीच्या तक्रारीवर होणारा नव्हे. पत्रात तो दीर्घकालीन मागणी म्हणून लिहिला आणि तिथेच थांबलो.

उरला तो मूळ जागी दुरुस्तीचा पर्याय. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट ॲडमिनिस्ट्रेशनची मार्गदर्शिका अंदाज बांधताना खराब चाकं किंवा लहरी पडलेला रूळ यासाठी १० डेसिबल वाढ धरते, म्हणजे कंपन सुमारे तिप्पट. ते उलट वाचलं तर दुरुस्तीने हादरा एक तृतीयांशावर यायला हवा. मागणीपत्रात आम्ही हीच अपेक्षा आकड्यात लिहिली, म्हणजे नंतर काम झालं की नाही यावर मतभेद होऊ नयेत.

प्रत्यक्ष काम

क्रम महत्त्वाचा होता आणि यावेळी तो पाळला गेला. आधी पाणी. पालिकेने गटारीचा सोसायटीकडचा भाग साफ केला, रेल्वेने रुळाकडचा. सोसायटीने भिंतीवर जाळी बसवली आणि राबिट टाकणाऱ्या सभासदाला दंडाचा ठराव केला. पाणी ओसरल्यावर रेल्वेने रात्रीच्या ब्लॉकमध्ये सांध्याखालची चिखलाची खडी काढून नवी भरली. त्यानंतरच्या ब्लॉकमध्ये कारखान्यात तयार केलेला नवा ग्लूड जॉइंट असलेला रूळाचा तुकडा आणून दोन्ही टोकांना वेल्डिंगने जोडला. शेवटी स्लीपरखाली खडी दाबून बसवणारं टॅम्पिंग मशिन फिरलं. नवा सांधा आधी बसवून गटार तशीच ठेवली असती, तर एका पावसाळ्यात तोही खचला असता.

मालगाड्यांसाठी वेगळं पत्र गेलं. वहीतल्या रात्रीच्या वेळा आणि आलेख जोडून विनंती केली की त्या वेळेच्या गाडीची चाकं पुढच्या तपासणीत पाहावीत. काही रेल्वेमार्गांवर रुळातच बसवलेली, चाकाचा आघात मोजणारी विल्ड यंत्रणा असते. सदोष चाक तिथून गेलं की ते डब्यासह पकडता येतं. तशी नोंद या गाड्यांची कुठे झाली आहे का, तेही विचारलं.

परिणाम

काम झाल्यावर तीच यंत्रं त्याच जागी ठेवून मोजणी केली. जोत्यावर ०.८ चे ०.३ झाले. दुसऱ्या मजल्यावर २ वरून ०.७. भिंत काढलेल्या घरात २.९ वरून १.१, म्हणजे अजूनही इमारतीत सर्वाधिक. आलेखातल्या जोड्या दिसेनाशा झाल्या आणि डाऊन लोकल अप लोकलसारखीच दिसू लागली. डब्यांचं वाजणं बहुतेक घरांत थांबलं.

मालगाड्यांचं तसं झालं नाही. ज्या कंटेनर गाडीचा आलेख आमच्याकडे होता, तिचे डबे पुढे कुठे जोडले गेले हे सोसायटीला कळायचा मार्गच नव्हता. असे डबे देशभर फिरतात आणि त्यांची देखभाल त्यांच्या ठरलेल्या डेपोत होते. मर्यादेच्या आतला डाग असेल तर ते चाक काढायला नियमाने कुणी बांधील नाही. ६० मिलिमीटरची मर्यादा गाडीच्या आणि रुळाच्या सुरक्षिततेसाठी आहे. मऊ मातीवर झोपलेल्या माणसाच्या झोपेचा विचार तिच्यात नाही, आणि मला वाटतं तो कधीतरी व्हायला हवा, निदान दाट वस्तीतून रात्री जाणाऱ्या गाड्यांपुरता. आजींच्या वहीत रात्रीच्या नोंदी कमी झाल्या, संपल्या नाहीत.

पावसाळ्यानंतरच्या मोजणीत जोत्यावरचा आकडा ०.३ वरून ०.४५ वर सरकला होता. गटार पुन्हा अर्धी भरली होती. सचिवांनी आलेख जोडून पत्र पाठवलं आणि यावेळी संयुक्त पाहणी मागावी लागली नाही, पर्यवेक्षक स्वतःहून पॅकिंगची तारीख कळवून आले.

काय वेगळं करता आलं असतं

वही पहिल्या तक्रारीच्या दिवशीच सुरू व्हायला हवी होती, आणि दोन्ही विंगमध्ये. ती असती तर पहिल्या मोजणीचा पैसा वाचला असता, कारण ए विंग शांत आणि बी विंग हलते एवढ्या एका नोंदीवरून दोष जागेचा आहे असा संशय आला असता.

पहिल्या संस्थेकडून मोजणी घेताना फक्त वारंवारता आणि कमाल आकडा मागितला गेला. मूळ नोंदी, गाड्यांच्या वेळा आणि वेग मागितले असते तर तोच अहवाल दुसऱ्या माणसाला तपासता आला असता. कंपनाची मोजणी करून घेणाऱ्या कोणत्याही सोसायटीने कच्च्या नोंदी मिळतील ही अट कामाच्या पत्रातच घालावी.

मोजणी कोरड्या महिन्यांत झाली. चिखल वर येतो आणि सांधा सर्वांत जास्त खचतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हाचे आकडे असते तर दुरुस्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्याची तुलना सरळ करता आली असती. आता ०.४५ हा आकडा चांगला की वाईट यावर दोन मतं आहेत, आणि दोन्ही बाजूंकडे पुरेसा आधार नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज उशिरा गेला. या सांध्याची देखभाल किती वेळा झाली हे त्यातून पुढे कळलं, आणि वारंवार केलेल्या पॅकिंगच्या नोंदी हाच पाण्याच्या प्रश्नाचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला. सुरुवातीलाच ही नोंद हातात असती तर गटारीचं काम निदान एक पावसाळा आधी झालं असतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला भिंत पुन्हा बांधण्याचा सल्ला दिला आहे. पूर्ण पाच इंची भिंत नको असेल तर हलक्या ठोकळ्यांची, पण स्लॅबला वर घट्ट टेकलेली. त्यांनी अजून ठरवलेलं नाही. सोसायटीने मात्र नूतनीकरणाच्या परवानगीच्या अर्जात एक ओळ वाढवली आहे: अंतर्गत भिंत काढायची असल्यास स्ट्रक्चरल अभियंत्याचं पत्र जोडावं. पुढची मोजणी येत्या जुलैत, भर पावसात, जुन्याच जागांवर होणार आहे.